यंत्राचा घसा

४ फेब्रुवारी

सही केली. घरात बोलणं बंद.

सिनेमा असा — एकटा राहणारा एक माणूस फोनमधल्या आवाजाच्या प्रेमात पडतो. तो आवाज माझा. डबिंग झालं की वर ढीगभर सुटी वाक्यं वाचून द्यायची, त्यांवरून यंत्र माझा आवाज शिकणार. "तुमचा आवाज अमर होईल, मॅडम," दिग्दर्शक म्हणाला.

"अमर होईल आणि तुला कोणी बोलावणार नाही," नवरा म्हणाला. डबिंग जिथे होणार त्या स्टुडिओत तो रेकॉर्डिस्ट आहे, काचेच्या पलीकडे बसतो. मी म्हटलं, "तू जन्मभर काचेमागेच राहिलास, म्हणून जळतोस." बोलले ते बोलले.

५ फेब्रुवारी

ताईकडे आले. तिने बॅग पाहून विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, तो माफी मागेपर्यंत. "मग मोठी बॅग आणायची होतीस."

९ फेब्रुवारी

डबिंग सुरू. नायकाचं काम करणारा नट दुसरीकडे शूटिंगला. त्यामुळे त्याची वाक्यं मला हेडफोनमधून कोणी वाचून दाखवायची? अर्थात नवऱ्याने!

"तू नुसता आवाज आहेस, तरी घर भरल्यासारखं वाटतं." हे त्याने किराण्याची यादी वाचावी तसं वाचलं. मी उत्तर दिलं, "मला हात असते, तर तुझा चष्मा पुसून दिला असता." काचेमागे त्याचा चष्मा खरंच मळलेला होता. मी पुसत असे तो, रोज.

"ओके," म्हणाला. घर सोडल्यापासून माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

१६ फेब्रुवारी

सिनेमाचं डबिंग संपलं. लख्ख झालंय. एका वाक्याला नाव ठेवायला जागा नाही. नवरा काम चोख करतो, हे मात्र मान्य करायला हवं.

१७ फेब्रुवारी

सुटी वाक्यं सुरू. "आज हवा ढगाळ आहे." "तुमची भेट रद्द झाली आहे." डोकं बधिर होतं. प्रत्येक वाक्याआधी हेडफोनमध्ये त्याचं "घे" येतं. आणि मी तोंड उघडते नेमकं तेव्हाच हा खाकरतो! आवाज इतका मोठा ठेवलाय की कान दुखतात. "कमी कर," म्हटलं. "हं," म्हणाला. काही कमी केलं नाही.

मुद्दाम छळतोय. करू दे.

१९ फेब्रुवारी

खाकरणं चालूच. आता राग कमी आणि काळजी जास्त. एकटा काय खातो, कुठे झोपतो कोण जाणे. माइकवरच सांगितलं, "डॉक्टरला दाखव." काचेमागून नुसती मान हलली. "घे."

ताईला सांगितलं तर म्हणते, "भांडतेस त्याच्याशी आणि काळजी करतेस त्याच्या घशाची."

२१ फेब्रुवारी

चहाच्या वेळी दिग्दर्शक खुशीत होता. "सिनेमाच्या पुढच्या भागाला तुम्हाला यायचा त्रास नाही, मॅडम. मशीन सगळं बोलेल."

मला वाटलं होतं, साधी वाक्यं मशीन बोलेल आणि जिव्हाळ्याचे प्रसंग माझे. म्हटलं, "रडायचे प्रसंग?"

"रडायलाही शिकवू की."

हातातला चहा तसाच राहिला. उभं आयुष्य या गळ्यावर काढलं. दुसरं काही येत नाही मला. आत गेले आणि माइकवर विचारलं, "मी थांबू का?"

काचेमागे त्याने चष्मा काढला, पुन्हा घातला. मग — "सही केलीयस. अर्ध्यात थांबलीस तर ते सोडणार नाहीत. वाच." आणि खाकरला. चिडावं की रडावं कळेना. वाचलं.

२२ फेब्रुवारी

संपलं. शेवटचं वाक्य होतं, "मी कायम तुमच्यासोबत आहे." माझा आवाज आता माझा नाही. नवऱ्याचं बरोबर होतं. हे त्याला सांगायला जीभ उचलत नाही.

१० मार्च

आज यंत्राचा आवाज ऐकवला. सगळे जमले होते, नवराही कोपऱ्यात.

यंत्र बोललं. हुबेहूब मी! पण बोलायच्या आधी ते खाकरलं. पुन्हा बोललं, पुन्हा खाकरलं, तेही चांगलं पुरुषी, भरदार. "माझं तुझ्यावर" — खर्र — "प्रेम आहे." कोणीतरी फिस्सकन हसलं. दिग्दर्शकाचा चेहरा उतरला.

यंत्राला शिकवणारा म्हणाला, "मॅडमच्या हेडफोनमधला आवाज माइकमध्ये गळलाय. झाडून सगळ्या वाक्यांत. शब्दांवरच चढलाय, काढता येत नाही. नवशिक्यासुद्धा असं करत नाही."

नवरा उठला. "चूक झाली. घसा बरा नव्हता," एवढंच म्हणाला. सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिला. मला ते पाहवेना.

११ मार्च

त्याला कामावरून काढलं. मला दिग्दर्शकाचा फोन — सगळी वाक्यं पुन्हा वाचायची. म्हटलं, सही एका वाचनाची होती, ते झालं. पुढच्या भागात मी हवी असेन, तर मलाच बोलवा. मग तिकडचा आवाज नरमला. "बघतो, मॅडम."

म्हणजे मी वाचले, आणि तो घरी बसला. आजारपणात काम करत राहिला बिचारा, आणि मी भांडत बसले. बॅग भरली. वाटेत खोकल्याचं औषध घेतलं.

१२ मार्च

घरी. कालपासून आम्ही बोलतोय, बोलतोय. माझा आवाज बसला. त्याचा चष्मा पुसून दिला. औषधाची बाटली तशीच टेबलावर आहे.

तो एकदाही खाकरलेला नाही.