निळ्या शेवरोलेटच्या हिवाळ्याची व्यवस्था

मी, सिक्सतेन ब्रोलुंड, धंद्याने सुतार, राहणार ओस्टब्येन, दालार्ना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके जागेवर आहे. पुढचा वसंत पाहण्याची आशा धरू नका, असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पत्नी मायकेन वारली. मूलबाळ नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर, मागचे कोठार, सुतारकामाची हत्यारे आणि बँकेत जे असेल ते माझी पुतणी योन्ना हिला मिळावे. मायकेनच्या थडग्यावरची फुले तिनेच पाहावीत. मला तिच्याशेजारी ठेवावे, पण उजव्या बाजूला. गाडीचे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ती नेहमी माझ्या उजवीकडे बसायची, एकदा तरी जागा बदलून पाहू.

कलम २. वडिलांची होडी थोरला भाऊ होल्गेर याला द्यावी. वडिलांनी ती मला दिली म्हणून तो कित्येक वर्षे माझ्याशी बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हा पहिली गोष्ट होडीचीच काढली. होडीसोबत त्याला डांबरगोळ्यांचा डबाही द्यावा. उंदरांवर रामबाण म्हणून त्याने एका शरदात त्या मुठी भरभरून माझ्या गाडीत टाकल्या होत्या. उंदीर आले नाहीत हे खरे, पण पुढचा सबंध उन्हाळा मायकेन खिडकीतून डोके बाहेर काढून चर्चला गेली.

कलम ३. शेजारी एवेर्ट याने नेलेला जॅक आता त्याचाच. मात्र तो माझा होता, हे त्याने मला पुरल्यानंतरच्या कॉफीला चारचौघांत कबूल करावे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. कोठारातली १९५७ सालची फिकट निळी शेवरोलेट. मोरा गावातल्या एका हॉटेलवाल्याने ती मागितली आहे. तो तिला काचेच्या उबदार दालनात ठेवणार. तिथे तिला थंडी वाजणार नाही, उंदीर लागणार नाहीत, आणि ती पुन्हा कधी चालणारही नाही. माझी इच्छा आहे की गाडी योन्नाने घ्यावी. पण इच्छा लादता येत नाही. कोठारातली थंडी, तेलाचे हात आणि उंदरांशी जन्माचे वैर तिला नको असेल, तर तिने खुशाल हॉटेलवाल्याला फोन करावा. मी वर बसून रुसणार नाही.

कलम ५. योन्ना 'हो' म्हणाली तर तिच्यासाठी. इंजिनाचे तेल हिवाळ्याआधी बदलावे, नंतर नव्हे. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरावी, रिकाम्या जागेत पाणी सुटते. गाडी ठोकळ्यांवर चढवावी. बॅटरी काढून स्वयंपाकघरात ठेवावी. अंगावर सुती चादर घालावी, प्लॅस्टिक कधीही नाही. पक्ष्यांचे दाणे कोठारात ठेवणे म्हणजे उंदरांना जेवणाचे आमंत्रण. धुराच्या नळीत तारेची घासणी कोंबावी आणि ती वसंतात काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल दोरा बांधावा. भर थंडीत 'जरा चालू करून बघू' असे कोणी म्हटले, तर त्याला कॉफी पाजून घरी पाठवावे. अशा कौतुकानेच इंजिने आतून गंजतात.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ वसंतात पावसाने धुतल्याखेरीज गाडी बाहेर काढू नये. ते काम मायकेनचे होते. ती रस्त्याला बोट लावून जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "अजून खारट आहे, घरी चला." अख्खे गाव तिच्या जिभेवर विसंबून गाड्या काढायचे.

कलम ६. मायकेन गेली त्याच्या पुढच्या वसंतातली ही हकिगत आहे. वालबोरीची, म्हणजे वसंताच्या स्वागताची, होळी त्या संध्याकाळी होती, गावातल्या सगळ्या जुन्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. होल्गेर चावी फिरवायला बसला होता. योन्नाने त्याला थांबवले आणि आधी इंजिनावरच्या हवेच्या गाळणीचे झाकण उघडले.

आत घरटे होते. लाल लोकरीचे. मायकेनची टोपी गाडीतल्या समोरच्या खणात राहिली होती. एका उंदरिणीने सबंध हिवाळा तिचा धागा न् धागा सोडवून, वायरींच्या भोकातून ओढत इंजिनापर्यंत नेला होता. आणि अगदी आत, जिथे पिल्ले होती, तिथे लोकर नव्हती. तिथे मायकेनचे पांढरे केस होते, टोपीला चिकटून राहिलेले, गोल गोल गुंडाळलेले. त्यांत ती बोटाच्या पेराएवढी उघडी पिल्ले श्वास घेत होती. मी जन्मभर सुतारकाम केले, पण इतके नीट बसवलेले काम माझ्या हातून झाले नाही. मला टोपी काढावीशी वाटली, आणि मी काढली.

होल्गेर म्हणाला, "जन्मभर उंदीर मारलेस आणि आता त्यांचं बाळंतपण करणार का?"

योन्ना माझ्याकडे वळली. तिने मला विचारले, "काका, काकू असती तर आज गाडी निघाली असती?"

मी म्हणालो, "नाही गं. तिनं ओट आणून घातले असते."

तिने झाकण अलगद परत ठेवले. त्या वर्षी आमची गाडी होळीला गेली नाही. पिल्ले आपल्या पायांनी निघून गेल्यावरच आम्ही चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्याला बोलले. गाडी योन्नाला का, याचे कारण कोणी विचारले तर हे कलम वाचून दाखवावे.

कलम ७. वसंतात चावीला हात लावण्याआधी झाकण उघडून पाहावे. पिल्ले असतील तर थांबावे. गाडी काल हिवाळ्यासाठी ठेवून झाली, सर्व काही कलम ५ प्रमाणे केले आहे. फक्त समोरच्या खणात या वर्षी माझी टोपी ठेवली आहे आणि खणाचे दार बोटभर उघडे आहे. ते कोणीही लावू नये.

ओस्टब्येन, २६ ऑक्टोबर
सिक्सतेन ब्रोलुंड

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. त्याने आमच्यासमोर सही केली, तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर आणि बोडका होता.
गुनवोर लिंडेस, शेजारीण
एवेर्ट स्टोरम, शेजारी (जॅक सिक्सतेनचाच होता.)