तिसऱ्या तारेवरचा हात

देऊळगाव राजा,
बुधवार, दुपार

प्रिय अश्विनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी बरी आहे. मागच्या महिन्यातली तपासणी नीट झाली, आता पुन्हा सहा महिन्यांनी. सासूबाईंचे गुडघे सोडले तर घरात सगळे धड आहेत. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. गेल्या आठवड्यात तीनदा फोन लावला, तू उचललास, आणि तिन्ही वेळा मी वांग्यावरच्या अळीचं सांगून ठेवून दिला. शिवाय जे पाठवायचं आहे ते फोनमधून जात नाही. ते शेवटी सांगते. मलाच धीर गोळा करायला चार पानं लागणार आहेत, तेवढं सांभाळून घे.

इथे सध्या एक नवीनच प्रकरण सुरू आहे. तुमच्या मलकापूरचीच समीक्षा नावाची मुलगी आहे, नागपूरला चित्रकला शिकलेली. तिचे वडील माझ्यासारख्याच कॅन्सरने गेले. तिने बाजार समितीच्या जुन्या शेडमध्ये मातीच्या फरश्या तारांना टांगायचं काम काढलं आहे. प्रत्येक घराच्या दोन फरश्या. एकीवर कॅन्सर झालेल्या माणसाच्या हाताचा ठसा, दुसरीवर त्याला सांभाळणाऱ्याच्या हाताचा. माणूस गेला असेल तर त्याची फरशी कोरीच टांगायची. ओल्या मातीवर हात दाबायचा आणि पुंजाजी कुंभार ती भट्टीत भाजून देतो. ती याला मांडणशिल्प म्हणते, गावात सगळे 'हाताचं शेड' म्हणतात. पहिल्या दिवशी तर लोकांनी विचारलं, काऊन हो, निवडणूक लागली का? फरश्या ज्याच्या त्याच्या उंचीवर टांगल्यात. मधून चालताना त्या खांद्याला लागतात, एकमेकींवर वाजतात, पंगत उठल्यावर ताटं रचताना वाजतात तशा.

मी डावा हात दिला. तोच, ऑपरेशननंतर सुजतो तो. तुला आठवतं, हिरव्या बांगड्या तू साबण लावून लावून चढवायचीस आणि शेवटी दोघी हसत सुटायचो? आता तेवढंही होत नाही, डाव्या हातात एक दोरा बांधते. फरशीवर तो हात फुगलेल्या भाकरीसारखा उमटला. समीक्षा म्हणाली, ताई, हा इथला सगळ्यात खरा हात आहे. अगं, थकले मी या कौतुकाला. हळदीकुंकवाला जा, लग्नाला जा, कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतंच, धीराची बाई हो तुम्ही! कसला धीर? सुई टोचायची त्यांनी, मी पडून राहायचं. पडून राहायला काय धीर लागतो?

आता गंमत ऐक. समीक्षाने ग्रामपंचायतींना आणि आपल्याकडच्या मंडळांना निरोप पाठवला होता की रुग्णाबरोबर 'घरातल्या सांभाळणाऱ्या व्यक्तीने' यावं. आपल्या लोकांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल? घर कोण सांभाळतं? कर्ता पुरुष. झालं! सगळीकडून सासरे, नवरे, थोरले दीर इस्त्रीचे कपडे घालून हजर. सुलतानपूरचे नारायणराव तर फेटा बांधून आले, सून दवाखान्यात असताना ते कोणाकोणाच्या घरी जाऊन बसत होते ते मला ठाऊक आहे. तुझे भासरे, म्हणजे आमचे हेही टोपी घालून गेले आणि हात असा दाबला की फरशीच तडकली. दुसरी द्यावी लागली. एक्केचाळीस घरं, त्यात छत्तीस पुरुषांचे पंजे. बायका मागे बाकावर डबे धरून बसलेल्या. कोणालाच त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मलाही नाही, खरं सांगते.

समीक्षा मात्र फरश्या बघत उभी राहिली. मग तिने अगदी साधेपणाने तुझ्या भासऱ्यांना विचारलं, काका, ताईंना रात्री-बेरात्री उलटी झाली की तुम्ही काय करायचे? हे म्हणाले, "मी अश्विनीले आवाज द्यायचो."

सगळं शेड हसलं. तेही हसले. आणि मग त्यांचं हसू मधेच थांबलं, आणि ते स्वतःच्या हाताची माती बघत बसले. आम्ही रिक्षाने घरी आलो. अंगणात उतरल्यावर म्हणाले, "तिले बोलाव. माहा हात राहू दे नाहीतर काढू दे, पण तिले बोलाव." बावीस वर्षांच्या संसारात ते चुकले असं मी पहिल्यांदा ऐकलं. समीक्षाने कोणाचीच फरशी काढली नाही. तिने प्रत्येक घराला तिसरी तार बांधली, खरोखर सेवा केलेल्या हातासाठी. येत्या रविवारपर्यंत हात उमटवायचे, सोमवारी पुंजाजी भट्टी लावणार.

म्हणून तुला बोलावते आहे, असं वाटेल तुला. तेवढंच असतं तर तिसऱ्या फोनलाच सांगून मोकळी झाले असते.

सहा केमो. जालन्याची पहिली बस, तिथून पुढे संभाजीनगर. तू खिडकीची जागा मला द्यायचीस आणि मांडीवर प्लास्टिकचा डबा घेऊन बसायचीस. परतताना मला वास सहन होत नाही म्हणून दिवसभर काही खायची नाहीस, स्टँडवर मला बसवून त्या बाजूला जाऊन दोन बिस्किटं चघळून यायचीस. माझे केस गेले तेव्हा तू तुझी वेणी पदराखाली झाकून घरात वावरलीस, उन्हाळ्यातसुद्धा. तेव्हा तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. अंगणवाडीतल्या नोकरीचा फॉर्म तू त्याच साली भरला होतास. गोपालभाऊजी तो कार्यालयात देऊन आले होते. महिने गेले, काही आलं नाही. आपल्या वस्तीवरच्या अंगणवाडीत शेजारच्या कारभारी कुटुंबातली सून लागली, आणि तू म्हणालीस, यांनी फॉर्म दिलाच नसेल, स्टँडवर चहा पिऊन परत आले असतील. भाऊजींनी बालाजीची शपथ घेतली. तू म्हणालीस, देवाले तरी सोडा. कार्यालयात जाऊन विचारते म्हणायचीस, पण माझ्या उशापासून उठायला तुला वेळ कुठे होता? मग तुम्ही मलकापूरला दुकान टाकलं. मागच्या दिवाळीला आलात तेव्हाही तू ताट वाढताना म्हणालीस, यांच्या भरवशावर राह्यले अन् घरी बसले. भाऊजी मान खाली घालून जेवत होते. मी भाजी वाढत होते.

अश्विनी, या पाकिटात दुसरं एक खाकी पाकीट आहे. त्यावर तुझं नाव आहे आणि ते फोडलेलं आहे. मी फोडलं. तिसऱ्या केमोनंतरचा आठवडा, तू विहिरीवर माझ्या चादरी धूत होतीस, मी ओसरीत बाजेवर होते, पोस्टमन माझ्या हातात देऊन गेला. तुझी निवड झाली होती, पहिला नंबर, पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग मनात एकच आलं, ही गेली तर माझ्याबरोबर बसमध्ये कोण बसेल? आणि मी ते गादीखाली सरकवलं. पंधरा दिवस तू त्याच गादीवरची चादर बदललीस, मी कूस बदलत राहिले. पुढे रोज उद्या सांगू म्हणता म्हणता चार वर्षं झाली. मला जगायचं होतं गं, एवढंच कारण आहे, आणि ते पुरत नाही हे मला कळतं. गोपालभाऊजींनी फॉर्म दिला होता. ते खरं बोलत होते. हे पत्र तुझं वाचून झालं की त्यांना दे, आणि माझ्या नावाने नाही, तुझ्या तोंडाने त्यांना एकदा सांग, की ते खरे होते. तुझ्या भासऱ्यांना मी आज सकाळी सांगितलं. ते न जेवता मळ्यात गेलेत. रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर ती तिसरी तार मी रिकामीच ठेवणार आहे, आणि कोणी विचारलं की इथे कोणाचा हात, तर सगळ्या शेडसमोर सांगणार आहे, की तो माझ्या जावेचा, त्या हाताला मिळालेलं काम मी माझ्या अंगाखाली दाबून ठेवलं होतं.

अजून म्हणू देशील तर,
तुझीच
मंजुश्री