पाला तोंडात घेईपर्यंत

आबा, मागच्या सोमवारी परभणीला जाऊन मी नसबंदी करून घेतली. तुम्ही असताना हे समोर बसून सांगायची माझी छाती झाली नसती. आता तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून कागदावर सांगतोय. रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, तेवढी एक सोय आहे.

आपल्या घरात या गोष्टीला एकच शब्द होता, खच्ची. पेडगावपासून झरीपर्यंत कुणाचा बोकड खच्ची करायचा असला की बोलावणं तुम्हालाच यायचं. लांब दांड्यांचा तो लोखंडी चिमटा मला अजून दिसतो. चिरफाड नाही, रक्त नाही, कातडीवरूनच आतली नस चेपायची. आदल्या रात्रीपासून बोकडाला उपाशी ठेवायची तुमची पद्धत. काम झालं की मालक चहाला बोलवायचा आणि तुम्ही जागचे हलायचा नाहीत. बाभळीखाली बोकडाच्या मानेवर हात ठेवून बसून राहायचात. त्यानं पाला तोंडात घेतला की मगच उठायचं, हा तुमचा नेम. एकदा मी कंटाळून घरी चला म्हणून कुरकुर केली, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपुन दुखवलंय त्याला. मग आपुनच बसावं."

हे वाक्य मी लय जपलं आबा. आणि याच वाक्यापायी तुमच्यावर रागही धरला. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर नर्सबाई घरी आली होती, आठवतं का? पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं, तुम्हीच करून घ्या, असं ती समजावत होती. तुम्ही तिला पुरतं बोलूही दिलं नाही. "ते बाईचं काम हाय. गडी खच्ची करून घर चालतं व्हय?" मग माय बाकीच्या बायांबरोबर जीपमध्ये बसून ऑपरेशनच्या शिबिराला गेली. ती परत आली तेव्हा तुम्ही मेंढरं घेऊन लांब गेला होता. आजही डोळ्यांसमोर आहे, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. माय एका हातानं पोट धरून चूल फुंकतेय, मग भिंतीला टेकून भाकरी थापतेय. दिवस मावळता तुम्ही आलात, जेवायला बसलात आणि भाकरी करपली म्हणालात. मायनं दुसरी भाकरी थापायला घेतली. बोकडाजवळ बसणारा माणूस तिच्याजवळ बसला नाही, एवढं मला त्या वयातही कळलं.

आता माझ्या घरचं सांगतो. दुसऱ्या लेकीच्या वेळी तुमच्या सुनेचं पोट पुन्हा फाडावं लागलं. रक्त चढवलं, तेव्हा कुठं ती सावरली. पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवावर बेतेल, आणि पोटावर परत चाकू नको, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्हीच करून घ्या, म्हणाले. घरी आल्यावर ती म्हणाली, मीच करून घेते, तुम्हाला चार लोकांत बसावं लागतं. भावकीतले म्हणाले, दोन लेकींवर थांबता व्हय? तिच्या जिवाला घोर आणि मी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मला भीती तुमच्या बोकडांची होती. ते सुस्तावायचे, अंगानं सुटायचे, टक्कर द्यायचं विसरून जायचे. आपलंही तसंच होणार, असं मनात घट्ट बसलं होतं.

शेवटी एकदाचं डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, बोकडाचं सगळंच मारून टाकतात, तुमची फक्त बीज नेणारी नळी बांधायची, बाकी सगळं जिथल्या तिथं. हसले ते सोमवारी. तुमच्या रिवाजाप्रमाणे मी रात्रीपासून उपाशी होतो आणि बाकावर बसल्या बसल्या मला गरगरलं. कारण सांगितलं तर डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि आधी पोहे खाऊन या म्हणाले. मग एक सुई, ओटीपोटात ओढ बसल्यासारखं काहीतरी, टाकासुद्धा नाही, आणि "झालं, उठा." काही दिवस लंगोट घालायचा, ओझं उचलायचं नाही. तपासणीत बीज नाही असं दिसेपर्यंत काही महिने जपून राहायचं. तुम्हीही बोकडाला लगेच शेळ्यांत सोडत नव्हता, ते आठवून मला हसू आलं.

मायला मी मुतखडा काढला म्हणून सांगितलं. ती ताटात दूध-भाकरी घेऊन आली आणि खाटेजवळ बसली. तुझी कंबर दुखेल, जाऊन पड, असं मी म्हणत राहिलो, ती उठेना. "तू घास घे, मग जाते," म्हणाली. मी भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला. तेव्हा कुठं ती गुडघ्यावर हात देऊन उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मुतखड्याला लंगोट लागत नस्तोय, बाबा. बरं केलंस." मी ताटात बघत राहिलो. मान वर केली असती तर रडलो असतो.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. फक्त एक राहिलं. ऑपरेशनच्या टेबलावर चढलो तेव्हा माझ्या मनात मायची ती करपलेली भाकरी होती आणि तुमच्यावरचा सगळा राग होता. तरी सुई टोचली तेव्हा मानेवर तुमचा हात असावा, असं मला वाटलं. हे मी मायला सांगितलेलं नाही.