भिंगरीचा विषय

४ मार्च, सोमवार

साबण झाला नाही! म्हणजे झाला, पण पातेल्याचा. पातेलं आणि साबण आता एकजीव आहेत, डावही आतच अडकलाय.

गेला महिनाभर आमच्या घरात ‘साबण’ चालू आहे. गणित साबणाचं, इतिहास साबणाचा, भूगोल तेलबियांचा, भाषेच्या तासाला साबणावर कविता. एकच विषय घ्यायचा, हातानं करून बघायचा आणि त्यातूनच सगळं शिकायचं – अशी आमची थोर पद्धत. विद्यार्थिनी एकच, आमची भिंगरी, वय वर्षं नऊ. शिक्षक मी, मुख्याध्यापक मी, शिपाई मी. आजपासून भांडी घासणाराही मीच.

बायको दवाखान्यातून आली. दिवसभर लोकांचे एक्सरे काढते, घरी आल्यावरही तिची नजर आरपारच जाते.

“माझं चांगलं पातेलं?”

“प्रयोग फसला तरी शिक्षण झालं,” मी ठणकावून सांगितलं.

“कुणाचं?”

५ मार्च

पातेलं भिजत घातलंय. फेस येतोय. अजून येतोय.

९ मार्च, शनिवार

जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. भिंगरी दिसली की त्यांचा एकच प्रश्न – “काय गं, कितवीत आता?”

“साबणात,” भिंगरी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरीला विकायला काढलंय. म्हणाले, पोरीच्या आयुष्याशी खेळताय तुम्ही. म्हटलं, हो ना काका, आमचं सगळं खेळातूनच शिकवणं! नाकाला मिरच्या झोंबल्या त्यांच्या. दिवस चांगला गेला.

रात्री जेवताना बायकोनं आठवण करून दिली – मार्चअखेर ठरवायचंय. पुढच्या वर्षी घर की शाळा.

झालं होतं असं, की दीड वर्षापूर्वी भिंगरीला लांबलेला ताप आला आणि शाळा बुडाली. त्याच सुमाराला आमचं नकाशे काढायचं ऑफिसही बुडालं. पोरगी अंथरुणात, मी रिकामा. शिकवायला लागलो. ताप गेला, शिकवणं राहिलं.

“तिलाच विचारू,” बायको म्हणाली.

विचारा की! मी कशाला घाबरतोय?

घाबरतोय. इथे लिहायला काय हरकत आहे! ती शाळेत गेली तर रोज सकाळी उठून मी नेमकं करायचं काय?

११ मार्च, सोमवार

आज नवा विषय. नियम मीच केलेला – विषय मुलानं निवडायचा, मोठ्यांनी नाक खुपसायचं नाही. मी नाक खुपसलं नाही. फक्त टेबलावर पूल कसे बांधतात त्याची पुस्तकं पसरून ठेवली. शेजारी काड्या, दोरा, डिंक. अगदी सहज.

भिंगरीनं पुस्तकं नीट रचून बाजूला ठेवली.

“शाळा,” म्हणाली.

“शाळेचं काय?”

“विषय. शाळा.”

माझ्याच नियमानं मी चारी मुंड्या चीत!

दुपारी मात्र डोक्यात उजेड पडला. अरे, उत्तमच झालं की! मुंग्यांचं वारूळ बघितलं तशी शाळा बघायची. जवळून, बारकाईनं, नोंदी करत. एकदा नीट बघितली की पोरगी आपणहून म्हणेल – नको रे बाबा. बायकोला हा डाव समजावून सांगितला. ती हसली. कशाला हसली देव जाणे.

१३ मार्च

पुठ्ठ्याची शाळा तयार. खिडक्यांना मी हौसेनं गज लावले होते. भिंगरीनं एकेक उपटून काढले.

“खऱ्या शाळेला नाहीयेत.”

“असतात.”

“बाबा, मी तिथे होते. तू नव्हतास.”

नंतर मी मापात नकाशा काढून दिला. तेवढं तरी मला येतं! तिनं बघितला. चूक काढली. नळाजवळचा कोपरा राहिला म्हणे – “तिथे आम्ही गप्पा मारायचो.” नकाशात गप्पांना खूण नसते, असं म्हणणार होतो. कोपरा काढून दिला.

१८ मार्च, सोमवार

प्रत्यक्ष भेट! मागच्याच गल्लीतली तिची जुनी शाळा. मोठ्या बाईंनी आठवडाभर वर्गात बसायची परवानगी दिली. मीही वही घेऊन निघालो होतो. “मुलगी बसेल. तुम्ही नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. नऊ वर्षांचा असतो तर रडलो असतो.

भिंगरीला निरीक्षणाच्या सूचना दिल्या होत्या – किती मुलं जांभया देतात, बाई किती वेळा ‘गप्प बसा’ म्हणतात. संध्याकाळी हिशेब मागितला.

“मोजायचं राहिलं.”

“का?”

“आम्ही अपूर्णांक करत होतो.”

आम्ही! एका दिवसात आम्ही!

म्हटलं, अपूर्णांक तर मी साबणाच्या वड्या कापून शिकवले होते. त्यावर शांतपणे म्हणते, “तेव्हा कळले नव्हते.”

“मग सांगायचं नाही का!”

“तू इतका खूश होतास.”

२० मार्च

सकाळी भिंगरीचं दूध तापवलं, पेला भरला, हाक मारली. मग आठवलं, बाईसाहेब वारुळात गेल्यात. मीच प्यायलो. मला दूध आवडत नाही.

घरात कुणी काही विचारत नाही. पंख्याला तीन पाती का, आकाशाला कड असते का – काही नाही. पुठ्ठ्याच्या शाळेचं छप्पर उगाच पुन्हा चिकटवलं. ते निघालेलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

आज मोठ्या बाईंची मुलाखत. प्रश्न मीच काढून दिले होते. दप्तर एवढं जड का? मुलांना तहान लागली तर आधी हात वर का करावा लागतो? बाईंची बोलतीच बंद होणार होती!

भिंगरी परत आली. कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

“मग विचारलंस काय?”

“माझं माझं.”

“काय म्हणाल्या?”

“सोमवारी सांगतील.”

बघा, हा कारभार! साध्या प्रश्नाला सोमवार लागतो यांना.

२४ मार्च, रविवार

सादरीकरण. श्रोते दोन, त्यातला एक पक्षपाती. भिंगरी छान बोलली. खरंच छान. शाळेतलं चांगलं सांगितलं, वाईटही सांगितलं – वर्गात उकडतं, मागे बसलं तर फळा दिसत नाही, एक मुलगी चिमटे काढते. चिमट्यांना मी टाळी वाजवली. बायकोनं डोळे वटारले.

“आणि निष्कर्ष?” मी विचारलं.

“अजून नाही. एक गोष्ट ठरायचीय.”

मग मीच मोठं भाषण ठोकलं. निर्णय तुझा, आम्ही तुझ्या पाठीशी, दडपण घेऊ नकोस वगैरे. “बाबा, थांब ना जरा,” एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

मला वाटतं, मी जिंकलो! जिला शाळा हवी असते ती पटकन सांगून मोकळी होते. ही चाचरतेय म्हणजे तिला घरच हवंय. बायकोला तसं म्हटलंही. ती पातेलं घासत बसली. उद्या पुलाची पुस्तकं परत बाहेर काढतो.

२५ मार्च, सोमवार

बाईंचं उत्तर आणायला भिंगरीबरोबर शाळेत गेलो, तर फाटकाशीच मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. भिंगरी आत मैत्रिणींकडे पळाली होती.

म्हणाल्या, “अहो, मुलाखत कसली! तिनं एकच विचारलं. मी परत आले तर बाबांना दिवसभर एकटं वाटेल, त्यांच्यासाठी इथे काही काम आहे का? नसेल तर मी घरीच थांबते म्हणाली. आमच्याकडे जागा नाहीये हो. तिला काय सांगू?”

मग म्हटलं, सांगा, बाबांना दुसरीकडे काम मिळालंय. उद्यापासूनच.

आता उद्या सकाळी तिच्या आधी आवरून कुठेतरी निघायला हवं.