भाऊजींनी उजेड पाडला

रविवार, ३ मार्च
मेहुण्याला ठार मारायचं. ठरलं. खेळात, अर्थात. एरवी तो हिचा धाकटा भाऊ आहे.
दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आम्ही पाच-सहा जण फासे टाकून साहसाचा खेळ खेळतो, प्रत्येकाचं एक पात्र. डॉक्टर खेळ चालवतात, मेहुणा योद्धा, मी मांत्रिक. आज गुहेतला ड्रॅगन मी आगीच्या मंत्राने अर्धमेला केला. शेवटचा एक घाव मेहुण्याचा. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, ड्रॅगन योद्ध्याने मारला. वर मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला की भाऊजींनी मस्त उजेड पाडला.
उजेड पाडला! तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवार, ४ मार्च
अडचण. साथीदाराला जादूने मारायचं तर आधी तोंडावर कारण सांगायचं, त्याचं उत्तर ऐकायचं, मगच मंत्र. हा नियम मीच करायला लावलाय. माझा आधीचा मांत्रिक आमच्यातल्याच एका चेटकिणीने झोपेत मारला, तेव्हा मी तासभर बोललो होतो की तलवारवाला निदान जवळ जातो, मार खायची तयारी ठेवतो. पन्नास पावलांवरून बोट दाखवून मारणं हा भेकडपणा.
तेव्हा प्रश्न नीतीचा होता. आता न्यायाचा आहे.

बुधवार, ६ मार्च, ऑफिस, स. ११
कारण लिहायला घेतलं. चार पानं. सूड हा शब्द कुठेही नाही. साहेबांनी विचारलं, तर क्लेमचा रिपोर्ट म्हणालो. ते खूश झाले.

गुरुवार, ७ मार्च
मेहुणा येऊन स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून गेला. लाच. मी बधलो नाही.

शनिवार, ९ मार्च
सात पानं. आरशासमोर वाचली. हिने विचारलं की कोणावर चिडलाय. कोणावरही नाही, मी शांत आहे, असं सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं.

रविवार, १० मार्च, सं. ७
नदी पोहून आमची सगळी पात्रं काठाला लागली. ओलीचिंब. मी उठलो. सातही पानं वाचली.
मेहुण्याने निमूट ऐकलं. म्हणाला की गुहेत मिट्ट काळोख होता, काही म्हणता काही दिसत नव्हतं. माझ्या आगीच्या उजेडात ड्रॅगनची मान दिसली म्हणून घाव बसला. उजेड पाडला म्हणताना त्याला तेवढंच सांगायचं होतं. तरी राग असेल तर मारा, म्हणाला, आणि योद्ध्याची सोंगटी माझ्यापुढे सरकवली.
मला लाज वाटली. पण आता खाली बसलो तर सात पानं फुकट. मंत्र टाकला.
डॉक्टरांनी माझा कागद पाहिला. त्या दिवसाचा मंत्र खेळ सुरू होतानाच लिहून द्यावा लागतो. दुपारी ते म्हणाले होते की आज नदी आहे, आणि माझं सगळं लक्ष त्या सात पानांत. सवयीने लिहून गेलो होतो: कपडे वाळवणे.
योद्धा कडकडीत वाळला. मेहुणा थँक्यू भाऊजी म्हणाला. मनापासून म्हणाला, हे जास्त लागलं.
घरी आलो तर ही म्हणाली की गच्चीवरचे टॉवेल बघता का, तुम्हाला आता जमतं म्हणे. म्हणजे फोन येऊन गेला.
वर गेलो. टॉवेल दमटच होते.