तिसऱ्या दिवशी आईले बाजारात ने

प्रसेनजितदादा,
सप्रेम जयभीम. मी इटलीत सुखरूप पोचली. जेवण बरं आहे, फक्त तिखटाचं नाव नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

उद्यापासून आमची बायांची तीन दिवसांची सायकल शर्यत आहे. पहिले दोन दिवस चढ आहे. राजूर घाटात ट्रकांच्या मागं चढत होती, तशीच दमानं चढीन. ते दोन्ही दिवस आईले मोबाईलवर दाखव.

तिसऱ्या दिवशी उतार आहे. वळणावर रस्ता अरुंद होते अन् साऱ्या पोरी एकदमच घुसतात. बरगडीत कोपर मारतात, डोकं मारतात. मागल्या शर्यतीत एकीचा जबडा दगडावर फुटला, दात रस्त्यावर सांडले. मले हनुवटीले टाके पडले, पण आता सुकून राह्यले.

आमच्या कॅप्टनले वाट मोकळी करून देणं हे माझं काम. कोणी आडवी आली तर तिले खांद्यानं उडवायची. मी उडवीन, दादा. त्याच्यासाठीच मले टीममध्ये घेतलं.

त्या दिवशी आईले धाडच्या बाजारात ने अन् मोबाईल घरीच ठेव. मी पडली तर ती सोसंल. पण मी कोणाच्या लेकीले दगडावर फेकताना तिनं पाहू नये.

तुझी,
रेणुका