नथवाल्या देवदूताचं दार

तुझ्या त्या दारापायी माझा बाजार बुडाला, गुडघे कामातून गेले, आणि तू तिकडे पाय पसरून बसलीयेस. हे बरं आहे!

मारीबाय,

नात म्हणाली, मोबाईलवर बोल, आपोआप उमटतं. नको म्हटलं. माझंच वेडंवाकडं अक्षर लावून वाच. आज लिहितेय, कारण आज आपण जिंकलो.

तू गेल्यावर तुझ्या आंतोनला आईचं प्रेम दाटून आलं. आईच्या आठवणीत चर्चला नवं दार देणार म्हणाला, काचेचं, वर तुझं नाव! जुनं सागवानी दार भंगारात. मी म्हटलं, अरे, तिचा जीव होता त्यात. जन्मभर त्याच दारापाशी आम्ही दोघी सुकट विकत बसलो. तर म्हणे, "मावशी, त्यावर आहे काय? नुसते रंगाचे पोपडे."

त्याला तरी काय बोलू? दर सणाला आपणच हौसेनं ऑइलपेंटचा नवा हात मारायचो ना? पोर्तुगीजांच्या वेळचं दार, पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. नक्षी पार बुजली. तू मात्र सांगायचीस, पणजी म्हणायची, दारावरच्या देवदूताला नथ आहे. मी विचारायचे, देवदूत काय लग्नाला निघालाय? की तू फुगलीसच.

दार काढायला माणसं आली, तेव्हा मी सुकटीची पाटी घेऊन उंबरठ्यातच बसले. फादर आले, आंतोन आला. मी म्हटलं, "आधी त्या देवदूताचं तोंड धुऊन बघा. नथ नसली तर दार काढायला मीच हात लावते."

फादर हसले, पण सुताराला थांबवलं. रंग काढायचं औषध लावलं. आधी वेल निघाली. द्राक्षं म्हणे, मला तर आपल्याकडची करवंदं वाटली! कारागीर इथलाच, त्यानं द्राक्षं कुठे बघितली असणार? मग गाल निघाला, अंबाडा निघाला, त्यावर वेणी. आणि नाकात नथ गं, मोत्यांसकट!

आंतोननं त्या नथेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मम्मी खोटं सांगत नव्हती."

"तुझी आई भांडकुदळ होती," मी म्हटलं, "खोटारडी नव्हती."

आता तो हेच दार दुरुस्त करून देतोय. तुझ्या नावाची पट्टी मीच नको म्हटली. उगाच लाकडात खिळे ठोकतील मेले.

हे बघायला तू थांबायला हवं होतंस. तेवढं चुकलंच तुझं.

मी आहे तोवर सणाला त्या दाराजवळ रंगाचा डबा फिरकणार नाही, हा माझा शब्द.

एक विचारायचंय. चेहरा कुणाचा गं तो? कारागिराची बायको की आणखी कोण? तू उत्तर देऊ नकोस, तू तिखटमीठ लावतेस. ती नथवाली तिकडेच कुठे असेल. तिला धर, आणि तिलाच सांगू दे.

तुझी,
वाकोल्याची पार्वती